शून्य शून्य एक

"बंद कर ते," मुकुंदा म्हणाला. कॉम्प्युटरवर तोच चालत होता. दारातून निघाला की एकदम खिडकीशी उडायचा, पुन्हा दाराशी यायचा.

अर्धांगवायूनंतर माझा धाकटा भाऊ काल पहिल्यांदा खोलीभर चालला होता. त्याच्या लेकीनं, शाल्मलीनं, ओळीनं सव्वाशे फोटो काढले. ते एकापाठोपाठ उचलून दाखवणारा प्रोग्रॅमही तिचाच.

"मी असा झोकांड्या खातो? मग उद्यापासून व्यायाम बंद."

"बाबा, गडबड माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे. कुठे, तेच सापडत नाहीये."

मी चष्मा पुसून फोटोंखालचे आकडे वाचले. एक, दहा, शंभर, एकशे एक... दोनाचा पत्ताच नाही! मला हसू फुटलं. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये नवी लागले तेव्हा मीही फायली अशाच लावल्या होत्या, शब्दकोशातल्या शब्दांसारख्या. एकानं सुरू होणाऱ्या सगळ्या आधी, दोन मागून. तिथल्या जुन्या बर्वेबाईंनी कपाळाला हात लावला आणि मला आकडे लिहायला शिकवलं.

"शाल्मली, आकड्यांच्या आधी शून्यं मांड. शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन."

तिनं मांडली. पडद्यावरचा मुकुंदा दारापासून खिडकीपर्यंत सलग चालत गेला.

"हा गडी तर सरळ चालतोय की! ताई, तुझी नोकरी शेवटी माझ्या कामी आली."

त्यानं ते तीनदा लावायला सांगितलं. चौथ्यांदा लावायचं तर शाल्मली चहा टाकायला गेली होती. मग तो स्वतःच उठून कॉम्प्युटरपाशी गेला.