पहिलं मनगट

समोर निखिलेश निवांत पोहे खात होता आणि सुमेधाच्या घड्याळाचा सेकंदकाटा मात्र सकाळपासून नुसता धावत होता. मध्येच अडखळायचा, पुन्हा धावायचा. तिने नवऱ्याची नाडी धरून पाहिली. संथ होती.

हे घड्याळ पहिल्यांदा ज्याच्या मनगटावर चढतं, त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर कायम चालतं, माणूस कितीही लांब असला तरी. म्हणून तर साखरपुड्यात नवऱ्यामुलाने ते आधी स्वतः घालायचं आणि मग मुलीच्या हातात बांधायचं.

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, दुकानात हे घड्याळ कोणी घातलं होतं?"

"मीच! पट्टा टोचतो का ते बघायला नको? शेवटच्या भोकात कसाबसा बसला. दुकानदार उगाच ओरडत होता, मिनिटभर तर घातलं."

"तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी."

काटा थांबला. ती श्वास रोखून बघत राहिली. काटा पुन्हा हलला.

"खोटं बोलू नका, बाबा," ती म्हणाली आणि काट्यावरची नजर न काढता पायानेच चपला शोधू लागली.