गप्पीची शेपटी

चूक माझीच होती. वर्गातल्या छोट्या टाकीत चार गप्पी मासे होते, त्यांच्यासोबत मी नुसता रंग बघून दोन पट्टेवाले टायगर बार्ब सोडले.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या मनिषानं दाखवलं. "मॅडम, हे पट्टेवाले गप्पीची शेपटी कुरतडायलेत."

दुकानदाराला फोन लावला. "लहान टाकीत त्यांचं जमायचं न्हाई मॅडम, वेगळे करा," तो म्हणाला. शाळा सुटल्यावर मी पालमहून एसटीनं परभणीला गेले आणि दोन्ही बार्ब परत देऊन आले.

सकाळी मनिषा टाकीपाशी बराच वेळ उभी होती. मग माझ्या टेबलाजवळ आली.

 

"मॅडम, मागची पोरं वेणी ओढायलेत म्हणून मी दिवाळीपासून सांगायलेय. आता माझी जागा बदलता का?"