पिवळ्या डब्यांची खोली

"पेशंट व्हरांड्यात सलाईन लावून बसलेत, नि खोली अडवलीय या डब्यांनी!" लव्हॉन सिस्टर पुटपुटली.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा इस्पितळात किरणोत्सारी सुया-हातमोज्यांचे डबे वर्षानुवर्षं पडून होते. वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा साहेब म्हणे, राज्याने न्यावेत. राज्याचा म्हणे, वॉशिंग्टनने. दारावर दोघांची दोन कुलुपं. दर हिवाळ्यात दोघं येत आणि कँटीनमध्ये तिथल्या रीतीप्रमाणे तिखट चिली सूपमध्ये दालचिनीचा गोड रोल बुडवत तेच भांडण भांडत.

यंदा सिस्टरने दोघांना कुलुपं उघडायला लावून त्यांच्यासमोरच डब्यांना किरणोत्सार मोजायचा मीटर लावला. काटा हलेचना.

"केव्हाच निवलंय की हो! साधा कचरा झालाय, आता कुणीही न्या!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.



"हळू बोला, सिस्टर," राज्याचा साहेब कुजबुजला. "आम्हाला ठाऊक आहे. पण डबे गेले की आमची दोन्ही ऑफिसं बंद. मग आम्हाला कुठे ठेवाल?"