सुनेचं नाव

"आय हाक मारंल तवा लगीच ओ द्यायची," बैलगाडीत कुंडलिक हळू आवाजात म्हणाला. "आजपासनं तू चंद्रा."

फुलानं मान हलवली. लग्नात नवरीचं नाव बदलतातच. पण चंद्रा हे त्याच्या पहिल्या बायकोचं नाव. ती बाळंतपणाला किकवीला माहेरी गेली आणि बाळासकट तिथंच गेली. कुंडलिकची आई अंबूबाई दोन्ही डोळ्यांनी आंधळी. सुनेवर तिचा भारी जीव. त्या वेळी अंबूबाई तापानं अंथरुणाला खिळली होती. खरं कळलं तर म्हातारी जगायची नाही, म्हणून "बाळ दगावलं, चंद्रा बरी हाय," एवढंच कुंडलिकनं तिला सांगितलं. विंझर गावात सगळ्यांनी ते सांभाळून घेतलं.

गाडी दारात थांबली. म्हातारी चाचपडत उंबऱ्याशी आली.

"चंद्रा आली का?"

"व्हय, आत्याबाई."

"घसा बसलाय तिचा," कुंडलिक घाईनं म्हणाला.

अंबूबाईनं फुलाच्या तोंडावरून, दंडावरून हात फिरवला. बराच वेळ.

"लई वाळलीस, पोरी," ती म्हणाली. "भाकरी खाऊन घे."

फुला कमी बोलायला शिकली. शेजारणी तिला चंद्रा म्हणत. पाणवठ्यावरही चंद्राच. तिचा भाऊ भेटायला आला, तेव्हा कुंडलिकनं त्याला वेशीवरच गाठून समजावलं, आणि सख्ख्या भावानं दारात येऊन चंद्रा म्हणून हाक मारली. त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन रडली. पुढं रडणंही सरलं. तिसऱ्या वर्षी नदीवर एक बाई आपल्या लेकीला "फुले, ए फुले" म्हणून हाका मारत होती. फुलानं धुणं थांबवलं नाही.

चौतीस सालच्या माघात म्हातारीनं अन्न सोडलं. दुपारी कुंडलिक वैद्याला आणायला वेल्ह्याला गेला. फुला पळीनं सासूच्या तोंडात पाणी घालत होती.

"गेला का त्यो?"

"व्हय."

"दार लोट."

फुला दार लोटून आली. म्हातारीनं तिचा हात हातात घेतला.

"माझ्यामागं त्याला जप. लई भितो. खरं कळलं तर आय मरंल म्हून भितो." तिनं दम घेतला. "म्हून म्या बी गप ऱ्हायले. आता सांग, पोरी, तुझ्या आयबानं तुझं नाव काय ठेवलं हुतं?"