खिडकीखालची जागा

शाळा सुटायला अवकाश होता. तरी व्हॅनवाल्याने रोजच्यासारखी सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीलगतची जागा पकडली. तिथून पहिलीच्या वर्गाची खिडकी दिसते आणि खिडकीशी त्याची ठकी बसते. इंजिन त्याने चालूच ठेवलं. जुनी डिझेलची गाडी; एकदा बंद झाली की सुरू व्हायला नखरे करते.

ठकी मान खाली घालून काहीतरी रंगवत होती. तो तिच्या खांद्यांकडे बघत राहिला. पोरीला धाप लागायची असली की आधी खांदे उचलतात, हे बायको जाण्याआधी शिकवून गेली होती. म्हणून तर ही जागा.

ठकी खोकली. मग लागोपाठ खोकत राहिली. खांदे उचलायला लागले.

खिशातला दम्याचा पंप काढून तो धावला. फाटकात शाळेच्या मावशींनी पंप त्याच्या हातातून घेतला आणि त्या आत पळाल्या. तो फाटकाचे गज धरून उभा राहिला. मावशी परत येईपर्यंत त्याच्या जिवात जीव नव्हता.

"बसली उबळ," मावशी म्हणाल्या. "पण दादा, रागावू नका. पोरगी दिवसभर पोपटासारखी बोलते. तुम्ही आलात की खोकते."

"बापाला बघून लाडात येत असेल."

"परवा तुमच्या बदली तो दाढीवाला आला होता. गाडी बंद करून तिकडे झाडाखाली घोरत पडला. तेव्हा नाही कुठे खोकली!"

त्याने वळून पाहिलं. गाडी थरथरत होती. धुराची नळी भिंतीकडे होती आणि नळीपासून थेट खिडकीपर्यंत भिंत काळी पडली होती. तो डाग तो रोज बघायचा. ओल असेल, असं त्याला वाटायचं.

त्याने गाडी पार झाडाखाली नेली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. इथून ठकी दिसत नव्हती. खोकलाही ऐकू येत नव्हता. त्याला चैन पडेना.

तेवढ्यात दुसरी व्हॅन आली आणि धूर सोडत मोकळ्या जागेकडे वळली.

तो पळत सुटला आणि खिडकीखाली जाऊन उभा राहिला. व्हॅन त्याच्या गुडघ्याशी येऊन थांबली.

"मरायचंय का? गाडी कुठाय तुझी?" ड्रायव्हर ओरडला. "जागा कोणासाठी अडवलीस?"

"आधी इंजिन बंद कर."

"बंद केलं आणि पुन्हा सुरूच नाही झालं तर?"

"मी ढकलेन," तो म्हणाला. त्याची नजर खिडकीतल्या खांद्यांवर होती. "बंद कर. मी ढकलेन."