समजा, एक बाई आहे

"समजा, तुझ्याकडे पाच संत्री आहेत," आई गणित घालायची. दादा पाटी बाजूला सारून म्हणायचा, माझ्याकडे तर एकही नाही. आई हसायची. "म्हणून तर समजा म्हणायचं, राजा. जे नाही, त्यालाच समजा म्हणतात."

इतक्या वर्षांनी तो आवाज धाकटीच्या कानात उमटला, तोही दादाच्या दवाखान्यात. समोर त्याचं इंग्रजी भाषण होतं आणि तिच्या हातात लाल पेन. रोगी आपलं दुखणं डॉक्टरांपासून का लपवतात, या विषयावर तो परदेशी डॉक्टरांच्या सभेत बोलणार होता. धाकटी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायची. तिला बोलावलं होतं वहिनीने. दादाने स्वतः बोलावलं नसतं. आई गेल्यापासून भावाबहिणीचं बोलणं वहिनीच्या तोंडून चालायचं, तेही लागेल तेवढंच.

पडद्यापलीकडे तो शेवटच्या रोग्याला तपासत होता. म्हातारीचा पाय सुजून टम्म झाला होता. इतके दिवस झोपला होतात का, तो ओरडला, पाय कापायची वेळ आल्यावरच यायचं ठरवलं होतं का. म्हातारी पिशवीच्या बंदाशी चाळा करत उभी राहिली. बाहेर पडताना तिने धाकटीकडे पाहिलं, काहीतरी सांडून ठेवलेल्या पोरीसारखं.

दादा हात पुसत आला. खुर्चीवर बस, असं तो म्हणाला नाही. ती आधीच बसली होती.

"बोला, मास्तरीणबाई. पास की नापास?"

ती मान वर न करता म्हणाली, की फॉर एक्झाम्पल फार झालेत. जेवून उठलेल्या माणसाच्या ढेकरांसारखे येतात, एकामागून एक. नुसती नावं सांगायची असतील, ताप, खोकला, तिथे सच अ‍ॅज पुरतं. एखादाच रोगी सांगायचा तर फॉर इन्स्टन्स चालेल. आणि काही ठिकाणी काहीच लागत नाही, सरळ सांगितलं की उदाहरण आहे हे लोकांना कळतं.

दादाने नाक उडवलं. आपले रोगी व्याकरणाने बरे होत नाहीत, म्हणाला.

ओरडण्यानेही होत नाहीत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि पान उलटलं.

शेवटच्या पानावर तिचं पेन थांबलं. तिथे सपोज होतं. सपोज, एक वयस्कर बाई आहे. तिच्या छातीत गाठ आहे. घरात तिची शिकलेली मुलगी आहे. मुलीला गाठ माहीत आहे, तरी ती कुणाला सांगत नाही. अडाणी माणसाला क्षमा आहे, पुढे लिहिलं होतं, शिकलेल्या अडाण्याला नाही.

दादा टेबलाला टेकून तिच्या तोंडाकडे बघत होता. तो याच पानाची वाट बघत होता, हे तिला कळलं.

"काय झालं? इंग्रजी चुकलं?"

"हो," ती म्हणाली. "सपोज चुकलं."

मग वर्गात सांगते तशा कोरड्या आवाजात तिने सांगितलं, की आपण सगळ्यालाच समजा म्हणतो, घडलेल्याला आणि न घडलेल्यालाही. इंग्रजीत सपोज म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, अशी बाई नसेलच कुठे. बाई खरी असेल, तर तिथे टेक लागतं. टेक म्हणजे घ्या. खरं असेल तेच हातात घेता येतं.

"मग टेक लिही. खरीच आहे बाई. सभेतल्या सगळ्यांना कळू दे."

तिने सपोजवर रेघ मारली. वर स्वच्छ अक्षरात टेक लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

दादा गांगरला. त्याला भांडण हवं होतं. कागद न उचलताच तो म्हणाला, "आई गेली तेव्हाही अशीच बसली होतीस, तोंडाला कुलूप लावून. मी तेव्हाच ओळखलं. तुझा दोष नसता तर तू बोलली असतीस."

धाकटीने पेनाचं टोपण लावलं. ते पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. आईने पदराखाली झाकलेलं तिने इतकी वर्षं तसंच झाकून ठेवलं होतं. त्या ओझ्याची तिला सवय झाली होती. बाहेर म्हातारी अजून जिना उतरत होती. एक पाय टेकायचा, मग दुसरा ओढल्याचा आवाज.

"अजून एक उदाहरण घाल त्यात," ती म्हणाली. "समजा, एक बाई आहे. तिचा मुलगा डॉक्टर आहे. दवाखाना हाकेच्या अंतरावर..."

"समजा कशाला?" दादा फिस्कारला. "आत्ताच शिकवलंस ना? खरं असेल तर टेक म्हण."

"घे तर," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं, तर आई म्हणाली, त्याचं नाव खराब होईल. तुझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली, नको गं, तो ओरडतो."