मोडावरचं गाणं

नागभीडच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत प्रचाराचा ऑटो चालवणाऱ्या राजदीपच्या भोंग्यावर श्रावणच्या गळ्यातलं गाणं वाजत होतं. झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र रात्र गाजलेला तो गळा. गाणं रेकॉर्ड करून दिलं, आणि आठवडाभरातच सरपणाला जंगलात गेलेल्या श्रावणला वाघानं नेलं. उमेदवार म्हणाला, "तेच गानं राहू दे. लोकायच्या तोंडी बसलं आहे."

राजदीपचं मन मात्र मानेना. श्रावणच्या गल्लीचा मोड आला की तो भोंगा बंद करायचा, आणि धान कापून नेलेल्या बांधीसारख्या त्या मुक्या गल्लीतून खालमानेनं ऑटो काढायचा.

प्रचाराचा शेवटचा दिवस. भोंगे कायमचे थांबायला घटकाभर उरलेली, आणि श्रावणची बायको कमळा मोडावरच ऑटोला आडवी उभी. राजदीपनं ब्रेक दाबला.

"वयनी, तुमच्या दारात एक डावही वाजवलं नाई जी. तुमच्या जिवाले लागन म्हणून."

"तेच त इचारून राह्यली, काऊन नाई वाजवलं?" कमळाच्या हाताला भाताची शितं तशीच चिकटलेली होती. "बाजारापासून हे गात गात येतेत. आवाज जवळ येते, आणखी जवळ येते. मी ताट वाढून दारात उभी राह्यतो..."



"...अन् रोज मोडावरूनच उपाशी वापस जातेत."